खालून पाणी पाजणारे परबकाका

आमच्या बार्शीत माती भिजवायला एक बादली आणि दोन मिनिटं पुरतात. परबकाकांना तीन दिवस लागतात. वर पगारही मिळतो!

घाटकोपरच्या एका गाळ्यात आमची माती तपासायची लॅब आहे. काका तिथले सगळ्यात जुने, मी सगळ्यात नवा. काकांचं काम एकच: मातीच्या नमुन्याला इतकं पाणी पाजायचं की आत हवेचा बुडबुडा उरता कामा नये. तेही खालून. वरून ओतलं की हवा आत कोंडते म्हणे. नमुन्याखालची दगडी चकतीसुद्धा, तिच्यातली हवा जायला, आधी उकळून घ्यायची. बाळंतिणीची एवढी बडदास्त नसते राव!

सवय इतकी, की चहात खारी बुडवली तरी बुडबुडे थांबेपर्यंत माणूस खात नाही. तोवर खारी तळाला. मग चमच्याने शोधमोहीम.

घाई केली की काका मान तिरकी करून, नाकातून, मालवणीत: "पिऊक दे रे तिका. खयचा विमान पकडूचा असा तुका?" ही नक्कल मी केली की साहेब खुर्चीतून पडायचेच बाकी. आणि रोज एक वाजता काका चेंबूरला घरी पळणार, तीनला उगवणार. "झोपायला जातो म्हातारा," मी सगळ्यांना सांगायचो.

त्या दिवशी मुलुंडचा नमुना लावलेला. टेकडीखालच्या सोसायटीला भिंत बांधायची होती. टेकडी पूर्ण भिजली तर तिची माती किती तग धरेल, ते आम्ही सांगायचं. साहेब म्हणाले, "रिपोर्ट आज पाहिजे यार." काका घरी गेलेले. म्हटलं, त्यात काय एवढं! वरचा नळ सोडला.

वाट लागली. माती पूर्ण भिजली असेल तर बाहेरून दाब वाढवला की आतल्या पाण्याचाही तेवढाच वाढायला हवा. इथे निम्मासुद्धा वाढेना. हवा आत ठाण मांडून बसलेली. मुलुंडहून माती ज्या नळीतून आली, तिच्यात एकच तुकडा उरला होता. काका फोन उचलेनात. रिक्षा पकडून चेंबूर गाठलं.

दार उघडंच होतं. पलंगावर काकू, अर्धं अंग लुळं, पाठीला तीन उश्या. काका पेज पाजत होते. एक चमचा. मग थांबायचं, गळा हलतो का बघायचं. मग दुसरा.

"द्या काका, मी पाजते पटकन," शेजारीण म्हणाली. "दारात लॅबचा पोरगा खोळंबलाय तुमचा."

"पिऊक दे गो तिका."

मी दारातूनच सांगून टाकलं, "काका, मी वरून सोडलं पाणी."

काका चिडले नाहीत. काकूंचे ओठ पुसत म्हणाले, "मी एकदा घाईत पेलो लावलंय हिच्या तोंडाक. ठसको लागलो. आठ दिवस हॉस्पिटलात होती." मग वाटीकडे बघून, "थांब. अर्धी रवली हा."

अर्ध्या वाटीला चाळीस मिनिटं लागली.

लॅबमध्ये येऊन काकांनी उरलेला तुकडा लावला आणि हळूच घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही जा. मी बसतो हिच्याजवळ." खालचा नळ जेमतेम उघडा ठेवला.

साहेब आले. "अरे, अजून किती वेळ?"

"पिऊक दे तिका," मी म्हणालो.

साहेब टेबल बडवत हसले. "हुबेहूब रे! परत एकदा कर ना."