त्रेचाळिसावा अर्ज

विद्यापीठाच्या विद्यार्थी सहाय्य मंडळाच्या अध्यक्षाबाई सकाळी साडेदहा वाजता मंडळाच्याच खोलीत अडकल्या. दार लोटलं, कडी आपोआप पडली आणि जाम झाली ती झालीच. अकराला त्यांची शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा. ती हुकली की अख्खं वर्ष पाण्यात. पण काळजी कसली? साठ वर्षं विद्यार्थ्यांच्या हाकेला धावणारं मंडळ दाराबाहेरच तर उभं होतं.

म्हणजे उपाध्यक्ष उभे होते आणि शिपाईमामा. मामा पेचकस घेऊनच आले होते. दोन बिजागऱ्या काढायच्या, पाच मिनिटांचं काम. उपाध्यक्षांनी त्यांचा हात धरला. मंडळ अर्जाशिवाय कुणालाही मदत करत नाही, हे मामांना ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. उठसूट कुणीही मदत मागायला येतं म्हणून बाईंनीच गेल्या वर्षी तो नियम केला होता.

दाराखालून कोरा अर्ज आत सरकला. अडचणीचं स्वरूप, अडचण किती दिवसांपासून आहे, स्वतः कोणते प्रयत्न केले, सोबत फोटो. बाईंनी दातओठ खात सगळं भरलं, फोटो ओळखपत्रावरून ओरबाडून काढला. अर्ज बाहेर गेला आणि तसाच परत आला. पदाधिकाऱ्यांनी मंडळाच्या मदतीचा लाभ घेऊ नये, असाही एक नियम होता. तोही बाईंचाच, त्याबद्दल त्यांचा सत्कारसुद्धा झाला होता.

"अरे, माझं वर्ष जाईल रे," बाई आतून म्हणाल्या. आवाज रडवेला झाला होता.

"मला का वाईट वाटत नाही, ताई? पण नियम वाकवला तर लोक तुम्हालाच नावं ठेवतील."

हे गृहस्थ दोन वर्षं त्या खुर्चीवर डोळा ठेवून होते, हा भाग वेगळा. अकराला दहा कमी असताना बाईंनी राजीनामा खरडून दाराखालून सारला. तो मात्र फोटोशिवाय मंजूर झाला. उपाध्यक्षांनी उभ्याउभ्याच अध्यक्षपद स्वीकारलं आणि टाळ्यांसाठी क्षणभर थांबले. मामांच्या हातात पेचकस होता, त्यामुळे टाळ्या राहिल्या. मग साधी विद्यार्थिनी म्हणून बाईंचा नवा अर्ज त्यांनी मोठ्या आपुलकीनं नोंदवून घेतला.

"झालं बघा ताई. तुमचा नंबर त्रेचाळिसावा. आधीचे बेचाळीस निकालात निघाले की लगेच तुमचा."

"ते बेचाळीस कुठे आहेत?"

"तुमच्या टेबलावर."

बाई गठ्ठा उपसून एकेक अर्ज दाराखालून ढकलू लागल्या. बाहेर नवे अध्यक्ष चष्मा पुसून प्रत्येक अर्ज सविस्तर वाचत होते. पहिल्याच दिवशी कामात हयगय नको. मामा भिंतीला टेकून बसले. अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. वर्ष गेलं ते गेलंच.

गठ्ठ्याच्या तळाशी तीन महिन्यांपूर्वीचा एक अर्ज निघाला, पहिल्या वर्षातल्या कुणा मुलीचा. या खोलीची कडी जाम होते, मी तासभर आत अडकले होते, दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून कृपया दुरुस्त करून घ्यावी. खाली बाईंच्याच वळणदार अक्षरात शेरा होता, फक्त सही राहिली होती:

"अर्जदार आता बाहेर आहे. मदतीची गरज उरलेली नाही."