बहीजा मावशीच्या टोपलीचे आंतरराष्ट्रीय संरक्षण

जी गोष्ट सुरळीत चालू असते, तिलाच संरक्षणाची नितांत गरज असते. (बंद पडलेल्या गोष्टीला कोण हात लावतो?)

आमचा सुएझ कालवा सुरळीत चालू होता, हा त्याचा पहिला गुन्हा. आम्ही तो आपल्या ताब्यात घेतला तेव्हा जहाजांना वाट दाखवणारे बहुतेक परदेशी वाटाडे घरी निघून गेले. आता जहाजे वाळूत चढणार, असे तज्ज्ञांचे मत होते. जहाजे मात्र मुकाट्याने पाण्यातून जात राहिली. हा उद्धटपणा सहन न होऊन दोन मोठे देश विमाने घेऊन आमच्या पोर्ट सैद बंदराला वाचवायला धावून आले. आठवड्याभरात आमचे इतके रक्षण झाले, की शेजारचा मोहल्लाच उरला नाही.

आमची इमारत उरली. तिच्या तळमजल्यावर मेजर थॉर्नबीसाहेबांनी कचेरी थाटली. चौथ्या मजल्यावर बहीजा मावशी राहायची. गुडघ्यांपायी ती अकरा वर्षे खाली उतरली नव्हती. सकाळी सज्जातून दोरीला बांधलेली टोपली सोडायची, खाली शलबी गाडीवाला तीत वालाची उसळ आणि गरम रोटी ठेवायचा, की टोपली वर. मावशीचे दिवसाचे जेवण तेवढेच.

कचेरी थाटल्याच्या चौथ्या दिवशी ही टोपली साहेबांच्या टोपीवर उतरली. साहेबांनी तत्काळ पाहणी केली आणि हा मार्ग कालव्यापासून अवघ्या साठ पावलांवर असल्यामुळे जगाच्या व्यापाराशी निगडित आहे, असा निष्कर्ष काढला. तासाभरात हुकूम निघाला. अरुंद मार्गात दुतर्फा वाहतूक धोक्याची, सबब टोपली सकाळी सहाला उतरेल व संध्याकाळी चारनंतर चढेल. (उसळीने मधल्या वेळात गाडीवर थांबावे.) दोरी प्रशिक्षित परदेशी वाटाड्याच्याच हाती राहील. तसा एक हवालदार मावशीच्या सज्जात नेमलाही.

मावशी वरून कडाडली, "चाळीस वर्षं दोरी सोडतेय मी! आणि हा मला शिकवणार? याला स्वतःच्या बुटाची नाडी तरी बांधता येते का बघा!"

"मावशी, जरा दमानं," मी खालून म्हणालो. "साहेब लिहून घेतायत."

"घेऊ दे! माझ्या पोटात कावळे ओरडतायत, तेही लिही म्हणावं!"

आकडेवारी बोलकी आहे. संरक्षणापूर्वीच्या चाळीस वर्षांत अपघात: एक (कांदा). संरक्षणाच्या पहिल्या दिवशी: सात. यावरून संरक्षण किती निकडीचे होते, हे कोणालाही पटावे.

दुसऱ्या दिवशी टोपली वाऱ्याने हलू नये म्हणून हवालदाराने तीत वाळूचे पोते ठेवले. ती दुसऱ्या मजल्याच्या कठड्यात जी अडकली, ती अडकलीच. टोपलीमार्ग पूर्णपणे बंद झाला. त्या क्षणापासून अपघात शून्य. साहेबांचे वरून अभिनंदन आले आणि हवालदाराला बढती मिळाली.

आम्ही शेजारीही गप्प बसलो नाही. देशाभिमान आहे म्हटले! अंगणात सभा भरवली. टोपली ही आमच्या सार्वभौमत्वाचे प्रतीक आहे, असा ठराव मी स्वतः मांडला. तीन भाषणे झाली. शलबी तर रडला. त्याच्या गाडीवरची उसळ आम्हीच खाल्ली, कारण ठराव लांबला. साहेब कचेरीच्या दारातून टोपलीकडे बघत होते, आम्ही अंगणातून टोपलीकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशीही तेच. मावशीचा आवाज एव्हाना बारीक झाला होता.

संध्याकाळी ती कठड्याला धरून कशीबशी उभी राहिली आणि म्हणाली, "मेल्यांनो, जिना कुणी पळवून नेला का रे?"

शलबीने मान खाली घातली. मला इतकी लाज वाटली, की आजही सांगताना कान तापतात.

तुम्ही हसा खुशाल. पण खरे सांगा, तुम्हीही इतका वेळ टोपलीकडेच बघत होतात ना?