कॉम्प्युटरची लोकरी बंडी

ग्रादिमिरचा जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा ग्रादिमिर आयुष्यातला सर्वांत चांगला बुद्धिबळाचा डाव खेळत होता. समोर, म्हणजे पार पेरू देशात, एक दंतवैद्य होता. आजवर प्रत्येक डाव त्या दंतवैद्यानेच जिंकला होता, पण या खेपेला त्याचा राजा कोपऱ्यात असा अडकला होता की बघूनच ग्रादिमिरला गोड झोप लागे. एकेका चालीला दोन आठवड्यांची मुदत. मुदतीत चाल गेली नाही तर डाव गेला. म्हणजे काम सोपं होतं: नवा कॉम्प्युटर आणायचा आणि दंतवैद्याचा दात उपटायचा.

तो वाल्येवो गावच्या बाजारातल्या दुकानात गेला. दुकानातल्या मुलीने विचारलं, यावर काय करणार? बुद्धिबळ खेळणार, असं त्याने सांगितलं. मग यातला कुठलाही घ्या, ती म्हणाली. ग्रादिमिरचा जन्म जमीनमोजणी खात्यात गेलेला. कुठलाही चालेल असा माल घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. घरी येऊन त्याने ही हकिकत बायकोला सांगितली, तेव्हा नेवेन्काने हातातली पळी खाली ठेवली.

"कुमला विचारलंस?" ती म्हणाली.

कुम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहिलेला साक्षीदार. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कुमशी येत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि त्याला न विचारता मोठी खरेदी करणं हे नाही म्हणण्याहूनही वाईट. हा आमच्याकडचा कायदा कुठेही छापलेला नाही, म्हणूनच सगळे पाळतात. ग्रादिमिरचा कुम होता ल्युबिसाव. तो स्क्रूच्या कारखान्यात भांडारपाल होता. एकदा त्याने शेजाऱ्याचा टीव्ही नेमक्या जागी थप्पड मारून चालू केला होता. तेव्हापासून विजेवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंत त्याचा शब्द अखेरचा.

"दुकानातून घेणार?" ल्युबिसाव दुखावल्या सुरात म्हणाला. "अरे, आपली काही ओळखपाळख आहे की नाही? पोरीने मेमरी किती सांगितली?"

"आठ."

"आठ. आणि पाहुणे आले तर?"

घरच्या संताच्या सणाला, स्लावाला, आम्ही डुक्कर भाजतो तेही याच हिशेबाने, म्हणून मेमरी बत्तीस ठरली. शाबात्स गावी कुमच्या ओळखीचा एक माणूस होता, त्याने सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार केला. पेटी एवढी मोठी की तीत वासरू मावावं. आत चार पंखे. कुमने ती स्वतःच्या हाताने टेबलाखाली बसवली, शेगडीच्या बाजूला, आणि सांगितलं की हिला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

शेगडीच्या बाजूलाच ग्रादिमिरच्या सासूबाईंची खुर्ची होती. स्तामेनाबाईंनी दोन युद्धं पाहिली, पण त्या भ्यायल्या फक्त एका गोष्टीला, ती म्हणजे वाऱ्याचा झोत. झोताने मान धरते, मूत्रपिंडं गारठतात आणि माणूस जातो, याबद्दल आमच्याकडे डॉक्टरांतही दुमत नाही. त्यांच्या घरात समोरासमोरच्या दोन खिडक्या कधी एकदम उघडल्या नव्हत्या. आणि आता टेबलाखाली चार पंखे त्यांच्या घोट्यांवर फुंकर घालत बसले होते. जावई डावात बुडाल्यावर म्हातारीने लोकरीची एक बंडी विणली आणि वाकून हळूच पेटीला चढवली. नेवेन्काने ते पाहिलं आणि तिला ते शहाणपणाचंच वाटलं.

चाल सुचायला ग्रादिमिरला तासभर लागे, पेटी अर्ध्या तासात मान टाकी. पुन्हा चालू करावी, तर पाच मिनिटांत पुन्हा काळोख. त्याने कुमला फोन केला. दारावरची घंटा वाजताच स्तामेनाबाईंनी बंडी काढून उशीखाली दडपली. कुमने बसवलेल्या वस्तूला कुमच्यासमोर पांघरूण घालून त्याचा अपमान कोण करील? कुम बसला, त्याने कॉफी घेतली, दारू घेतली. पेटी सुरळीत चालली.

"तापत असेल," कुम म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी एक मोठा पंखा जास्तीचा बसवून गेला. त्यामुळे झोत वाढला, म्हणून लोकर वाढली. पेटी पुन्हा बंद. कुमने त्याहून मोठा पंखा आणला. बंडीला बाह्या आल्या. अखेर कुमच्या लक्षात आलं, की आपण असलो की यंत्र चालतं आणि आपण गेलो की बंद पडतं. याचा अर्थ त्याच्या दृष्टीने एकच होता. तो रोज संध्याकाळी येऊन बसू लागला.

इथवर ग्रादिमिरने सोसलं. पण रिकामा बसलेला कुम डावात बघू लागला आणि त्याला विचार करू देईना. त्याला घोडा कसा चालतो तेवढं माहीत होतं, तेही एका बाजूने. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी त्याने माउस आपल्याकडे ओढला.

"वजिराने ते प्यादं मार."

"कुम, त्या प्याद्याला त्याच्या घोड्याचा जोर आहे."

"घोडा बिचकेल," कुम म्हणाला. मग जरा थांबून, "मला नाही म्हणतोस?"

असा डाव त्याच्या नशिबी पुन्हा येणार नव्हता, आणि तो वाचवायचा तर कुमला तोंडावर नाही म्हणायला हवं होतं. त्याने लाजेने नजर खाली वळवली, तर सासूबाईंच्या उशीखालून एक लोकरी बाही लोंबत होती.

"आई, हे काय?" त्याने कुजबुजत विचारलं.

"त्या खोक्याचं," म्हातारीही कुजबुजली. "तू एकटा असलास की घालते. हा आला की काढते. वाईट वाटायला नको बिचाऱ्याला."

ग्रादिमिरला सगळा उलगडा झाला. क्षणभर त्याला सासूचा विलक्षण राग आला. मग त्याने पडद्यावरच्या वजिराकडे पाहिलं आणि राग गिळला.

"आई, आज गारठा आहे," तो म्हणाला. सासूबाईंचे पाय झाकायच्या मिषाने त्याने गुडघे टेकून टेबलाखाली हळूच पेटीला बंडी चढवली आणि दोन्ही बाह्यांची घट्ट गाठ मारली. मग बाटली पुढे घेतली. "कुम, चाल मोठी आहे. कोरड्या घशाने नको. आधी तुझ्या वडिलांच्या नावाने."

मेलेल्या माणसाच्या नावाने भरलेला पेला आमच्याकडे नाकारता येत नाही. थेंबभर जमिनीवर सांडायचा, बाकीचा प्यायचा. वडील झाले, मग काका झाले, कुमच्या आजीची तर सविस्तर आठवण निघाली. तिचा कोबीचा रस्सा आठवून कुमचे डोळे भरून आले. कारखान्यातले दिवंगत फोरमन निघाले, तेव्हा टेबलाखालून ऊब येऊ लागली. अखेर मेलेली माणसं संपली. कुमने डोळे पुसले, माउस धरला, वजीर उचलला आणि पडदा काळा झाला.

कुमने माउस सोडला.

"माझ्यासमोर," कुम म्हणाला. त्याने टोपी घातली, ग्रादिमिरच्या खांद्यावर हात ठेवला आणि आता हे आपल्या हातात राहिलेलं नाही असं सांगून तो निघून गेला. ग्रादिमिरला त्याची खरोखर दया आली, पण दार लागेपर्यंतच. त्याने बंडी काढून सासूबाईंच्या गुडघ्यांवर घातली, पेटी ओढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेली आणि ती निवल्यावर हत्तीने शह दिला. दंतवैद्याने सकाळी हार मानली.

स्लावाला घर भरलं होतं. आपण जोडून आणलेल्या कॉम्प्युटरवर आपल्याच ग्रादिमिरने पेरू देश जिंकला, ही गोष्ट ल्युबिसाव जेवणभर सांगत होता. ग्रादिमिर प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. तेवढ्यात नेवेन्काच्या भावाने विचारलं, की त्यालाही एक कॉम्प्युटर घ्यायचाय, तर कोणता घ्यावा? कुमने घसा खाकरला. पण त्याच्या आधी शेगडीजवळून स्तामेनाबाई बोलल्या.

"कुठलाही घे रे. फक्त माप आधी मला आणून दे. बाह्यांना वेळ लागतो."