आत्याबाईंचं रक्त पंधरा!

"रक्ताचा एक थेंब पुरे! डुकरीण सुखरूप सुटणार की अडणार, ते आजच सांगतो!" सासऱ्यांच्या वराहपालनाच्या शेडमध्ये उभं राहून जावईबापूंनी जाहीर केलं.

सासरे फावड्यावर रेलले. "जन्म गेला माझा डुकरांत. रक्ताचा आणि विण्याचा काय संबंध हो?"

"आहे तर! रक्त कमी असलं की मादी कळा देता देता थकते. पिल्लं आतच गुदमरतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या!" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून जावईबापूंनी रक्त तपासायचं यंत्रसुद्धा मागून आणलं होतं. उत्साह म्हणजे किती!

खरा प्रश्न आत्याबाईंचा होता. आत्याबाई म्हणजे शेडमधली सगळ्यात थोराड डुकरीण. येईल-जाईल त्याच्यावर फुरफुरायची, म्हणून हे नाव. गेल्या खेपेला बाई दिवसभर अडल्या आणि निम्मी पिल्लं मेलेली निघाली. "यंदाही तेच झालं तर व्यापाऱ्याच्या गाडीत घालणार," असं सासऱ्यांनी निक्षून सांगितलं होतं. ते ऐकून जावईबापूंची बायको त्या दिवशी जेवलीच नाही. आत्याबाईंना तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं! आणि विण्याला आता महिनाच उरला होता.

जावईबापू सुई घेऊन कप्प्यात उतरले. कान पकडला. आत्याबाईंनी मान अशी झटकली की सुई एकीकडे, यंत्र दुसरीकडे आणि जावईबापू मधल्या चिखलात! पण गडी हटला नाही. चाचपडत उठले, तर हातातल्या तपासणीच्या पट्टीवर छान लालभडक थेंब! घातली पट्टी यंत्रात.

पंधरा!

फोनवर डॉक्टरीणबाई किंचाळल्याच. "पंधरा? अहो, डुकरिणीला दहा-अकरा म्हणजे डोक्यावरून पाणी! खायला काय घालता तिला?"

"विशेष काही नाही. आपलं घरचंच," जावईबापू लाजून म्हणाले आणि रक्त वाढायला आणलेला लोहाच्या पावडरचा डबा त्यांनी फळीवर मागे सारला. आता कशाला लागतोय!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आणखी दोन डॉक्टरांना घेऊन हजर! असली डुकरीण बघायला कोणाला नको? सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला. "कोंडा आमच्या हातचा आहे बरं का!" ते भेटेल त्याला सांगत सुटले.

बायको मात्र कप्प्यात उतरली होती. आत्याबाईंचे कान उलटेपालटे करून बघत होती.

"अहो, टोचलंत कुठं?"

"कानाला!"

"कोणत्या?"

"उजव्या... नाही, डाव्या... एका कानाला!"

"दोन्ही बघितले. मुंगी चावल्याएवढीसुद्धा खूण नाही." मग तिची नजर नवऱ्याच्या अंगठ्यावर गेली. त्यावर चिकटपट्टी होती. "आणि हे काय?"

"हे होय? दाराचा पत्रा लागला असेल..."

डॉक्टरीणबाईंनी आत्याबाईंच्या कानातून स्वतः थेंब काढला. सात! "हिला अशीच सोडली असती, तर पिल्लंच काय, हीसुद्धा हाती लागली नसती," त्या म्हणाल्या. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. जावईबापूंना धरणी दुभंगली तर बरं, असं झालं.

त्याच संध्याकाळी पावडरचा डबा फळीवरून उतरला. रोज दोन वेळा जावईबापू स्वतः ती खाण्यात कालवायचे आणि टोपलं चाटूनपुसून साफ होईपर्यंत तिथंच उभे राहायचे. आत्याबाई फुरफुरल्या की म्हणायचे, "हो, चुकलं माझं!"

महिना भरला. दुपारी आत्याबाई आडव्या झाल्या आणि चहाच्या वेळेला सगळी पिल्लं आचळांना लागलीसुद्धा! एकही गेलं नाही! बायको बापाच्या गळ्यात पडून रडली. सासऱ्यांनीही हळूच बाहीनं डोळे पुसले.

"मानलं जावईबापू, संबंध आहे!" ते म्हणाले. जावईबापूंची छाती फुगली.

"पण एक शंका राहिलीच."

"विचारा ना, बाबा!"

"रक्त तर पंधरा तुमचं निघालं. मग तुमची तारीख कधीची?"