मधली भाकरी

आमच्या घरात भाकरीची चवड कधी नीट उभी राहिली नाही. आत्या चुलीपुढून सात-आठ भाकरी एकीवर एक रचून आणायची आणि अप्पा पाटावर बसल्या बसल्या चवडीच्या बरोबर मध्यात बोटं घालून एक भाकरी ओढून काढायचे. वरच्या एका बाजूला, खालच्या दुसऱ्या बाजूला. कधी एखादी ताकाच्या वाटीत.

"वरली घेतली तर हात मोडतोय का, शिवलिंगा?" आत्या विचारायची. ती अप्पांची थोरली विधवा बहीण. आई गेल्यापासून घर तिच्याच हातात होतं.

"वरली तू दाखवायला ठिवतीस, आक्का," अप्पा म्हणायचे. "मधली खरी."

अप्पा म्हणजे माझे वडील. निजामाच्या राज्यात कळंबच्या बाजारात त्यांचं अडतीचं दुकान होतं. ज्वारी, तूर, करडई. त्यांच्या हातात कायम एक टोकदार लोखंडी नळी असे. तिला परखी म्हणत. पोत्याच्या कुशीत ती खुपसली की आतले मूठभर दाणे नळीतून हातावर येतात. शेतकरी पोत्याचं तोंड सोडून वरचा टपोरा दाणा दाखवू लागला की अप्पा मान फिरवत. "तोंडावरचा दाना पावन्यासारखा असतो. नटून बसलेला. मधला दावा."

ही सवय बाजारात राहिली असती तर ठीक होतं. पण लुगडं घ्यायचं तर ते मधली घडी उलगडायला लावत. कीर्तनाला अर्ध्यावर जाऊन बसत, कारण "सुरवातीला समदेच चांगलं बोलतेत". पोथी मधेच उघडून एक पान वाचत आणि मिटून ठेवत. माझ्या दोन थोरल्या बहिणींची लग्नं ठरवताना त्यांनी नवऱ्या मुलांना एक प्रश्न विचारला नाही. दोन्ही घरांतल्या मधल्या भावाला बाजूला घेऊन बोलले. दोघींचे संसार चांगले झाले, याची नोंद केली पाहिजे.

मी चौथी पास झाले आणि कळंबची मुलींची शाळा संपली. पुढं शिकायचं तर धाराशिव. तिथं माझी मावशी राहायची, म्हणजे राहण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न शाळेचा होता, कारण शाळा दोन होत्या. एक सरकारी, फक्त मुलींची, सगळं शिक्षण उर्दूतून. दुसरी खासगी, मराठीतून, चार मास्तरांनी मिळून सरकीच्या एका रिकाम्या गोदामात चालवलेली.

आत्याचं मत तयार होतं. "धाडायचीच असंल तर सरकारीत धाड. घरी न्यायला पडद्याची गाडी येती. कागदावर सरकारचा शिक्का असतोय. खासगीचा कागद पुडी बांधायला बी कुनी घेनार न्हाय. आन् उद्या ती शाळाच बंद केली तर?"

ही भीती खोटी नव्हती. मराठी खासगी शाळांवर सरकारची नजर असे. परवानगी कधी काढून घेतील याचा नेम नसे. शाळा बंद म्हणजे मी घरी, आणि घरी म्हणजे वर्षाच्या आत लग्न. लातूरकडचं एक स्थळ आत्याकडे येऊन बसलंच होतं.

अप्पांनी एक कागद घेतला, मधोमध उभी रेघ मारली आणि पेन्सिलीसकट माझ्या हातात दिला. "डावीकडं सरकारी, उजवीकडं खासगी. दिसंल ते लिवत चल. म्या मधलं बगतो." माझ्या आयुष्यातली ती पहिली यादी. तेव्हापासून मी यादीशिवाय भाजीलाही बाहेर पडलेले नाही.

सरकारी शाळेत पुरुषांना आत प्रवेश नव्हता. दारावर बांबूच्या चिकाचा पडदा, पडद्याआड मुख्याध्यापिकाबाई, आणि पायरीवर अप्पा, हातात परखी. ती ते घरी ठेवायला विसरले होते, की मुद्दाम आणली होती, कोण जाणे.

"बाईसाहेब, मधल्या बाकावरची एक पोरगी भाईर धाडता का? दोन शब्द बोलतो."

पडद्याआडून हसू आवरलेला आवाज आला. "सेठसाब, ये बच्च्यां हैं, जवारी के बोरे नै."

"तेच म्हनतो, बाईसाहेब. ज्वारी किडकी निघाली तर परत धाडता येती. पोरीची सालं गेली की परत येत न्हाईत."

बाईंना ते पटलं असावं. वडील आत येऊ शकत नाहीत, मुलगी येऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. अप्पा माझ्या कानाशी वाकले. "जा. आज तूच परखी."

आत शिसवी बाकं होती, भिंतभर जगाचा नकाशा होता, पृथ्वीचा गोल होता, पितळी घंटा होती. मी भराभर लिहीत गेले. मधल्या बाकावरच्या मुलीनं सरकून जागा दिली आणि मीठ लावलेला चिंचेचा गोळा माझ्या मुठीत कोंबला. अप्पांनी पढवलेला प्रश्न मी तिला विचारला : कळंबपासून परंडा कुठल्या अंगाला? त्याआधी तिनं जगातल्या नद्यांची नावं उर्दूत एका दमात म्हणून दाखवली होती. आता ती घुटमळली आणि हळूच मराठीत म्हणाली, "ते आमच्या किताबात न्हाय." मुलगी फार चांगली होती. त्या चिंचेची चव अजून आठवते.

खासगी शाळेत अप्पा स्वतःच आत गेले, मागोमाग कागद घेऊन मी. मुख्याध्यापक गुरुजी काटकुळे, कोटाला कोपरावर ठिगळ. त्यांनी आपला पहिल्या नंबरचा मुलगा पुढं केला. तो संस्कृत श्लोक घडाघडा म्हणू लागला. दुसऱ्या श्लोकाला अप्पांनी हात वर केला. "साकु." घाईच्या वेळी अप्पांच्या तोंडून त्यांच्या आजोळची कानडी निघत असे, साकु म्हणजे पुरे. "ह्यो तोंडावरचा झाला, गुरुजी. मधला दावा."

गुरुजींना राग आला. "मधलंच पाहिजे? मग ऐका. बाकं नाहीत. नकाशे नाहीत. पुढच्या वर्षी शाळा असेल का, ते मला माहीत नाही."

अप्पांनी त्यांच्याकडं प्रथमच नीट पाहिलं. "किडा सोताहून दावनारा मानूस बाजारात अजून भेटला न्हाय मला," ते म्हणाले.

वर्गात मुलांच्या बाजूला पाच मुलींची एक रांग होती. अप्पांनी रांगेतल्या मधल्या मुलीला उभं केलं आणि तोच प्रश्न विचारला.

"मला न्हाय येत," ती म्हणाली. लाजली मुळीच नाही. गुरुजींकडं वळली. "जमिनीवर काढून बघू का, गुरुजी?" खडू घेऊन ती खाली बसली. कळंब इथं, बार्शी इकडं, म्हणजे परंडा बार्शीच्याही पलीकडं. मग तिनं अप्पांनाच विचारलं, "तुमी कंच्या रस्त्यानं जाता?" अप्पा धोतर सावरून तिच्यासमोर बसले आणि रस्ता सांगू लागले. मध्ये कुठं नदी लागते, कुठं गाडी फसते, सगळं. गुरुजी बाजूला उभे. तास संपेपर्यंत कोणी उठलं नाही.

परतीच्या मोटारीत, ढोकी मागं पडल्यावर अप्पा म्हणाले, "वाच."

मी मोजून सांगितलं. डावीकडं सतरा, उजवीकडं पाच. पाचांतही 'बाकं नाहीत', 'नकाशे नाहीत', 'रांजण फुटका' आणि 'बंद पडेल' ही चार होती.

"समदं नगं. मधलं वाच."

सतरातलं नववं वाचलं : घंटा पितळेची.

पाचातलं तिसरं वाचलं : न आलेलं विचारता येतं.

अप्पांनी कागद घेतला, घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "झालं," म्हणाले.

आता कबूल करायला हरकत नाही. अप्पा मोटारीची चौकशी करायला गेले तेव्हा मी ती यादी कागदाच्या पाठीमागं पुन्हा लिहिली होती. ओळी त्याच, क्रम माझा. अप्पा काय विचारणार हे मला ठाऊक होतं.

आत्या आठ दिवस अप्पांशी धड बोलली नाही. शाळा पुढं एकदा खरोखरच बंद झाली. तेव्हा लातूरचं स्थळ पुन्हा आलं आणि अप्पांनी ते पुन्हा परतवून लावलं. आमचे वर्ग गुरुजींच्या ओसरीवर भरले. मी मॅट्रिक झाले, शिक्षिका झाले, आता शाळा चालवते. वर्ग तपासायला गेले की पहिल्या बाकाकडं बघत नाही.

पण सांगायचं आहे ते पहिल्या दिवाळीचं. सुट्टीला घरी आले. पहिल्याच जेवणाला आत्यानं चवड आणून ठेवली आणि अप्पांनी वरची भाकरी घेतली. वरची. मी आत्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बगतीस?" आत्या म्हणाली. "तू गेल्यापास्नं असंच चाललंय. रोज एक जास्तीची करायला लावतो. मधली काडतो, झाकून ठिवतो, आपन वरली खातो. कुनाची म्हनलं की गप. सांजच्याला गाय खाती."

अप्पा ताटात बघत होते. "ती यादी," ते म्हणाले. "पाठपोट हाय. पोटाला, म्हंजी आदी लिवलेल्या बाजूला, तिसरं रांजनाचं हुतं."

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"परखी मधी जाती हे म्हाईत असलेला मानूस चांगला माल मधीच भरतोय. ते वळखता आलं न्हाय तर अडत कशाची?"

"मग तुम्ही बोलला का नाही, अप्पा?"

"कुनी भरलंय ते बी बगावं लागतं," ते म्हणाले.

मग त्यांनी चवडीच्या मध्यात बोटं घातली. वरच्या भाकरी एका बाजूला गेल्या, खालच्या दुसऱ्या बाजूला, एक थेट ताकात. आत्यानं ताकातली भाकरी काढून बाजूला ठेवली. मधली भाकरी अप्पांनी माझ्या ताटात ठेवली.