काळ्या जॅकेटांचा पूल

एलिजाकाकांच्या घरी गेलं की दोनदा आत जावं लागतं. पहिल्यांदा दार उघडून ते आपल्याला नीट न्याहाळतात आणि म्हणतात, "आल्यासारखं वाटलं नाही. परत या." बाहेर उणे वीस असलं तरी सुटका नाही. कॅनडातल्या मार्कहॅमच्या आमच्या मराठी मंडळाची सगळी नाटकं त्यांनीच बसवलेली, त्यामुळे हा किडा आता घरातही वळवळतो.

यंदा मात्र त्यांनी सिनेमा काढला, शेजारच्या चिनी आजींकडून ऐकलेल्या दंतकथेवर. आकाशात कापड विणणारी देवकन्या, पृथ्वीवरचा गुराखी, मध्ये आकाशगंगा. वर्षातून एकदा पक्षी अंगाला अंग लावून पूल बांधतात, तेवढीच दोघांची भेट. मंडळातली आयटीवाली पोरं म्हणाली, पूल कॉम्प्युटरवर करून देतो. काका भडकले. "खोट्या पुलावर खरी भेट होते का रे? माणसं आणा!"

म्हणून आम्ही सगळे थोर सभासद काळी विंटर जॅकेटं घालून पार्किंग लॉटच्या बर्फात गुडघ्यांवर ओणवे, पाठींवर प्लायवूडची फळी. पट्टा बांधलेली माझी कंबर बरोबर मधोमध.

काकांना या गोष्टीचं एवढं वेड का, ते आम्हाला ठाऊक होतं. रूथकाकू ठाण्याला, म्हाताऱ्या आईजवळ. डायलिसिसमुळे काकांना इथून हलता येत नाही. काकू उन्हाळ्यात येतात, तेवढाच दोघांचा संसार. त्या यायच्या आत सिनेमा पुरा व्हायलाच हवा, असा काकांनी धोशा लावला होता.

शॉट सुरू झाला. देवकन्या झालेली नेहा आमच्यावरून धावत जाऊन गुराख्याच्या गळ्यात पडली.

"कट! धावतेस काय? वर्षाने भेटल्यावर माणूस लाजतं गं. आधी नुसतं बघतं. मग म्हणतं, बारीक झालात."

"काका, दॅट्स सो अनरोमँटिक!"

"तुझं लग्न होऊ दे, मग सांग."

पुन्हा शॉट. या वेळी नेहा हळूहळू आली, थांबली. गुराख्याचा मफलर सारखा करत पुटपुटली, "बारीक झालात."

सगळं इतकं छान जमलं, की आम्ही 'कट'ची वाट बघत राहिलो. तो काही येईना.

"काका, कट म्हणा की! कंबर गेली माझी!" मी मान वाकडी करून ओरडलो.

काका कॅमेऱ्यामागे उभे होते. डोळे वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं.

"सकाळी रूथचा फोन आला होता," ते म्हणाले. "आईने अंथरूण धरलंय. यंदा नाही येत ती. जरा उभं राहू द्या रे त्यांना."

पुलातलं एकही माणूस हललं नाही. मी हात बर्फात आणखी घट्ट रोवले.