बत्तीस इंचांचं दार

मोटरसायकलच्या मागच्या सीटला पाठ टेकायला एक गादी बसवायची, एवढंच माझं ठरलं होतं. (माझे सगळे घोटाळे 'एवढंच' या शब्दापासून सुरू होतात, असं आर्डिस म्हणते. आर्डिस ही माझी बायको. तिची स्मरणशक्ती दांडगी आहे.)

त्याला कारणही तसंच होतं. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये मोटरसायकल सहा महिने पळते आणि बर्फाचे सहा महिने झोपते. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी आसपासच्या गावांतले सगळे मोटरसायकलवाले चर्चच्या आवारात जमतात, फादर एकेका गाडीवर पवित्र पाणी शिंपडतात आणि मग मोसम सुरू होतो. त्या दिवशी जो तो बायकोला मागे बसवून मिरवत येतो. अकरा वर्षांपूर्वी मीही तसाच आलो होतो. त्यानंतर आर्डिस दरवर्षी येते, पण तिच्या भावाच्या गाडीवरून. तिच्या भावाची, म्हणजे डेलची, गाडी म्हणजे चाकं लावलेला सोफा आहे. मागे हात ठेवायला दांडे आहेत, पाय ठेवायला पाट्या आहेत, कसकसले डबे आहेत. मी मागून एकटा. सिग्नलला शेजारी आलो की डेल विचारतो, "दाजी, ताईला काही निरोप आहे का?" हा विनोद तो दहा वर्षं करतोय आणि दरवर्षी स्वतःच हसतोय.

यंदा काय वाटेल ते झालं तरी बायको माझ्याच गाडीवरून येणार, असं मी नोव्हेंबरात ठरवलं. आर्डिसला विचारलं.

"पाठ दुखणार नसेल आणि मी गारठणार नसेन, तर बसेन की," ती म्हणाली.

आमच्या गॅरेजमध्ये बर्फ उडवायचं यंत्र आणि हरणाच्या मांसाचा फ्रीजर नांदतात. शिवाय बाहेर उणे वीस. म्हणून मी गाडी तळघरात घ्यायची ठरवली. आमचं घर उतारावर असल्यामुळे तळघराचं दार थेट मागच्या अंगणात उघडतं. शेजारचे ऑर्विल मदतीला आले. ऑर्विल ऐंशीचे, जन्मभर गाई सांभाळलेले, आणि गाईंशी बोलून उरलेले शब्द माणसांसाठी जपून वापरणारे. आम्ही फळी टाकली आणि गाडी अलगद आत गेली. दार बत्तीस इंच, गाडी तीस. मी ते फुटपट्टी लावून मोजलं होतं. (काउंटीच्या जमीनमोजणी कचेरीत मी एकोणीस वर्षं कारकून आहे. लोकांच्या कुंपणांचा इंच न् इंच माझ्या रजिस्टरात असतो.)

मग गादी आली. ती बसवायला मागे लोखंडी चौकट हवी होती. चौकट बसवली तर मागचे दिवे झाकले गेले, म्हणून ते बाजूला सरकवले. दिवे सरकवल्यावर कडेला जागा दिसली, तिथे दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या लावल्या. वारा लागू नये म्हणून पुढे उंच काच. काच बसेना म्हणून रुंद हँडल. गाडी पडली तर पाय वाचावेत म्हणून इंजिनाभोवती दांडे. आणि या सगळ्यावर कळस म्हणून, विजेवर गरम होणारी सीट. तिचं बटण मी काचेखाली असं काही सुबक बसवलं, की जेवण झालं की खाली जाऊन नुसता बघत बसायचो. इतका सुखाचा हिवाळा माझ्या आयुष्यात दुसरा गेला नाही.

जानेवारीत आर्डिस लोकर विणत जिन्यात येऊन उभी राहिली.

"लायल, हे सगळं दारातून जाईल ना?"

"अगं, आलं कुठून? यातली एकेक वस्तू मी स्वतः त्याच दारातून आत आणलीये."

ती सुयांवरचे टाके मोजत वर निघून गेली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणूस कुठे गप्प बसायचं ते शिकतो.

पाणी शिंपडायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, ऑर्विल पुन्हा आले. आम्ही फळी टाकली आणि गाडी ढकलली. दाराच्या चौकटीशी येऊन ती थांबली. मी म्हटलं, जरा तिरकी करू. तिरकी केली. उलटी फिरवून मागून काढू म्हटलं. मागून तर ती पुढच्यापेक्षा जाड निघाली. ऑर्विलनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"गेली तेव्हा बारीक होती," ते म्हणाले.

आर्डिस शिवणाची टेप घेऊन खाली आली. तिनं एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत टेप धरली. "एकोणचाळीस." मग दार मोजलं. "बत्तीस." आणि तिनं टेप गुंडाळून माझ्या खिशात ठेवली. "सोमवारी कचेरीत घेऊन जा," म्हणाली.

"भिंत काढता येईल," ऑर्विल म्हणाले. ते चेष्टा करत होते की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

"डेलला फोन करून ठेवू का?" आर्डिसनं विचारलं. "म्हणजे उद्या मला घ्यायला येईल."

"नको," मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, अकरा वर्षांत मला ती डेलच्या मागे बसते याचं जेवढं वाईट वाटलं, तेवढं दुसऱ्या कशाचं वाटलं नाही.

मग पाच महिन्यांचा संसार मी एका दिवसात मोडला. पेट्या काढल्या, काच काढली, दांडे काढले, गादीची चौकट आणि गरम सीटही काढली, रुंद हँडल काढून जुनं लावलं. बोल्ट लोण्याच्या रिकाम्या डब्यात टाकत गेलो. चार वाजता गाडी बाहेर आली, ती जशी नोव्हेंबरात आत गेली होती अगदी तशी, फक्त ऑर्विल आणि मी जास्त थकलेले. उजेड होता तोवर तिची अट पाळण्यापुरतं, म्हणजे गरम सीट आणि पाठीची गादी, एवढंच जागच्या जागी आलं. सीटचं बटण काचेबरोबर गेलं होतं. मग हाताला जी पहिली वायर लागली, तिला मी सीट जोडून टाकली.

रविवारी सकाळी गाडी चालू केली. सीट गार ती गारच. आर्डिस आत हेल्मेट शोधत होती, तिला हाक म्हणून मी हॉर्न दाबला. ती येईना, म्हणून दाबूनच धरला. आणि हळूहळू माझ्या बुडाखाली ऊब येऊ लागली. हॉर्न सोडला, ऊब गेली.

"काय झालं?" आर्डिसनं विचारलं.

"काही नाही. थंडी वाजली की पाठीवर टकटक कर."

बारा मैलांचा रस्ता आणि चार अंश तापमान. टकटक काही थांबेना. आम्ही वाजतगाजतच निघालो. शेतातले लोक हात करत होते, गाई कुंपणापासून दूर पळत होत्या. सिग्नलला डेल शेजारी आला. आपली मागची सीट रिकामी आणि ताई माझ्या मागे बघून त्यानं निरोपाचं विचारण्यासाठी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी हॉर्न दाबला.

चर्चच्या आवारात दोनशे गाड्या होत्या. फादर गेल्या वर्षभरात वारलेल्या गाडीवाल्यांची नावं वाचत होते. आठ नावं झाली आणि त्यांनी एक मिनिट शांतता पाळायला सांगितलं. पान हललं तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि माझ्या पाठीवर टकटक झाली.

मी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा टकटक. डेल दोन गाड्या पलीकडे, त्याची सोफ्यासारखी सीट मोकळी. आर्डिसनं तिकडे एकदा पाहिलं. तिनं पाहिलेलं मी पाहिलं.

मी डोळे मिटून हॉर्न दाबला.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग एका म्हाताऱ्यानं आपला हॉर्न वाजवला. मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच, दोनशे हॉर्न एकदम, आणि फादर पाण्याचं भांडं खाली ठेवून डोळे पुसू लागले. नंतर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "लायल, गेलेल्यांना असा निरोप कुणाला सुचला नव्हता रे. दरवर्षी करू या." आणि माझ्या गाडीवर त्यांनी इतरांपेक्षा दुप्पट पाणी शिंपडलं. (वायर सुटी होती, पण काही झालं नाही. देव आहे.)

परतताना मी न राहवून विचारलं, "मग? डेलच्या गाडीपेक्षा बरी की नाही?"

"सीट होय? सीटचं काय, तुझी जुनीही चालली असती," आर्डिस म्हणाली. "डेल परत येताना कस्टर्डच्या टपरीवर थांबतो. अकरा वर्षांपूर्वी तू थांबला नव्हतास."

मी गाडी थेट टपरीकडे वळवली. आमच्याकडे कस्टर्ड म्हणजे आइसक्रीमचाच जाडजूड भाऊ, आणि टपरी नेमकी याच रविवारी उघडते, मग बाहेर चार अंश का असेना. डेल रांगेत होताच. आम्ही तिघांनी कुडकुडत खाल्लं. आर्डिस हसत होती, तिच्या नाकाला कस्टर्ड लागलं होतं, आणि मला वाटलं, झालं, हिवाळा सार्थकी लागला.

मग तिनं घरी न्यायला एक मोठा डबा घेतला आणि तो ठेवायला जागा शोधू लागली. पेट्या तळघरात होत्या. मांडीवर धरावा तर खाली माझी गरम सीट.

"माझ्या गाडीला थंड पेटी आहे," डेल म्हणाला.

आर्डिसनं डब्याकडे पाहिलं, मग डेलकडे पाहिलं. "तुझ्या एकट्याकडे डबा दिला तर घरी नुसतं झाकण पोचेल," असं म्हणून ती त्याच्या मागे जाऊन बसली.

"दाजी, ताईला काही निरोप?" डेलनं विचारलं.

मला थंडी वाजत होती. घर येईपर्यंत मी हॉर्न दाबून धरला.